कावीळकाका

निडीत दुपारी चार वाजले की काही घरांच्या फाटकांच्या कड्या आतून लागतात. चोर त्या वेळी येत नाहीत. कोळणी सकाळीच येऊन गेलेल्या असतात. नागोठण्याहून रोह्याकडे जाणारी गाडी या एवढ्याशा स्टेशनात घटकाभर थांबते आणि तिच्यातून उतरणारी चार माणसंही ओळखीचीच असतात. कड्या लागतात त्या कावीळकाकांसाठी.

त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर आहे, ते तिथेच असू द्यावं. गावाने दिलेलं नाव त्यांनी स्वतःच्या मेहनतीने कमावलेलं आहे. रस्त्याने जाताना कुठल्याही अंगणात एक पिवळं पान दिसलं की त्यांचे पाय थबकतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो आणि हाक जाते, "वहिनी, तुमच्या जास्वंदीला कावीळ झालीय!" वहिनी पदराला हात पुसत बाहेर येईपर्यंत काका आत आलेले असतात. पान तोडलेलं असतं. आणि उलटं केलेलं असतं.

हे उलटं करणं जरा सावकाश पाहायला हवं, कारण बाकीचे काका त्यातूनच निघालेले आहेत. नोकरीभर ते एका कारखान्याच्या गोदामात होते. माल आला की गोणी उलटी करायची, मागचा शिक्का वाचायचा आणि वहीत टिपायचा. निवृत्तीनंतर गोण्या गेल्या, हाताची सवय राहिली. पानांच्या बाबतीत ही सवय शास्त्राला धरून आहे, हे नाइलाजाने कबूल करावं लागतं. पांढरी माशी, मावा, लाल कोळी ही सगळी मंडळी ऊन-पाऊस चुकवून बहुतेक वेळा पानाच्या पाठीलाच मुक्काम करतात. पुढून नुसते बारीक पिवळे ठिपके दिसतात, मागे जाळी आणि वस्ती सापडते. तेव्हा पान उलटून पाहणारा माणूस चुकत नाही.

पण काका पानावर थांबत नाहीत. भाकरी ताटात पडली की तिची पाठ बघतात. बाजारात पापलेट उलटतात. कोळीण ओरडते, ते पुन्हा उलटतात. लग्नपत्रिका आली की आधी मागची बाजू वाचतात, आणि नवरा-नवरीपेक्षा छापखान्याचं नाव त्यांच्या जास्त लक्षात राहतं. रोह्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडावर धरला तेव्हा काका टेबलाला वळसा घालून पलीकडून बघायला गेले होते. अळूवडीच्या दिवशी तेवढी त्यांच्या घरात शांतता असते. अळूचं पान पालथं घालूनच त्याला पीठ लावतात, त्यामुळे त्या दिवशी घर काकांच्या मताने चालतं.

रोगाला नाव देण्याची घाई मात्र त्यांची एकट्याची नाही, ती फार जुनी आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त झाडांच्या वैद्यकाला एक अध्याय दिला आहे. थंडी, वारा आणि ऊन यांनी झाड आजारी पडतं, पानं फिकटतात, पालवी खुंटते, फांद्या वाळतात, रस गळतो, असं निदान तिथे लिहून ठेवलंय. फिकट पान हे लक्षण त्याने पहिलं घेतलंय, हे कळलं तेव्हा काकांना आपलं कोणीतरी भेटल्याचा आनंद झाला. वराहमिहिराने पानं उलटली होती का, एवढंच त्यांनी विचारलं.

आता अनंताची हकीगत. स्टेशनच्या बाजूला एका वहिनींनी नवं घर बांधलं आणि पुढच्या भिंतीला लागून हौसेने अनंत लावला. दोन पावसाळे तो बरा चालला, मग शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडू लागली. शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा. काकांनी पान तोडलं, उलटलं, भिंग लावलं. मागे काहीच नव्हतं. दुसऱ्या कोणी "काही नाही" असं म्हटलं असतं. काका म्हणाले, "मागे काही नाही, म्हणजे आत आहे." बुरशीचा संशय घेऊन त्यांनी बुंध्याभोवती मूठभर चुना पसरला आणि खोडालाही फासला. पंधरवड्यात अनंत आणखी पिवळा झाला. काकांनी त्याचा अर्थ रोग बाहेर पडतोय असा लावला.

खरी गोष्ट अशी की अनंताला आंबट माती लागते. कोकणातली जांभ्याची लाल माती मुळातच आंबट आणि लोहाने भरलेली, म्हणून आजोळच्या परड्यात अनंत कोणी न बघता फोफावतो. नव्या घराच्या भिंतीशी मात्र माती उरलेलीच नसते. सिमेंटचा चुरा, गिलाव्याचे पोपडे, विटांचे तुकडे हा सगळा माल तिथे पुरलेला असतो आणि पावसाबरोबर त्यातला चुना झिरपत राहतो. माती चुनखडीची झाली की तिच्यातलं लोह असून नसल्यासारखं होतं. मुळांना ते उचलता येत नाही. काकांनी त्यात आणखी चुना घातला होता.

पुढे त्यांना कोणीतरी सांगितलं की यात लोहाची टंचाई असते. काकांनी त्याच दिवशी गंजलेले खिळे आणून बुंध्याशी पुरले. लाल मातीच्या मुलखात लोखंड पुरणारा माणूस निडीकरांनी तेव्हा प्रथमच पाहिला. गंज पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे अनंताला त्यातून काही मिळालं नाही. वहिनींच्या चपलेला मिळालं. खरा उपाय एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. फ्रान्समध्ये यूझेब ग्री या रसायनतज्ज्ञाने १८४३-४४च्या सुमारास पिवळ्या पडलेल्या झाडांना विरघळणारे लोहाचे क्षार देऊन ती हिरवी करून दाखवली होती. आपल्याकडे त्यासाठी हिराकस वापरतात. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम, तेही पानांवर फवारायचं, कारण चुन्याच्या मातीत ओतलं तर तेही तिथेच अडकतं. वहिनींनी शेवटी ते केलं, राबिट उपसून काढलं, खड्ड्यात परड्यातली माती आणि शेणखत भरलं. अनंत हिरवा झाला. बरं होण्याचं श्रेय काकांनी खिळ्यांना दिलं.

"माती तपासून का नाही घेतली आधी?" असं वहिनींच्या भाच्याने विचारलं होतं. प्रश्न रास्त होता. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र किल्ला-रोह्याला आहे, ते काही परमुलखात नाही. मातीचा नमुना घेणंही अवघड नसतं. इंग्रजी व्ही आकाराचा वीतभर खड्डा करायचा, कडेची माती वरपासून खालपर्यंत खरवडायची, सगळी मिसळून तिचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरवायची. काकांनी हे सगळं ऐकलं आणि मान हलवली. "मातीला उलटं कसं करणार?"

"फावड्याने," वहिनी म्हणाल्या.

वहिनींची स्वतःची तपासणी दोन प्रश्नांत आटपते. पिवळं पान वरचं की खालचं? आणि बोट दोन पेरं मातीत खुपसलं तर ओलं लागतं की कोरडं? यात बहुतेक सगळं आलं. नत्र आणि मॅग्नेशियम झाडाला अंगातल्या अंगात हलवता येतं, म्हणून त्यांची चणचण पडली की झाड खालच्या जुन्या पानांतून ते काढून वरच्या पालवीला देतं आणि आधी खालची पानं पिवळी पडतात. लोह असं हलत नाही, म्हणून त्याची उपासमार शेंड्याला दिसते. रायगडच्या पावसात, म्हणजे तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी चार महिन्यांत कोसळतं तेव्हा, जास्वंदीच्या मुळांशी पाणी तुंबून हवा संपते, मुळं कुजतात, आणि झाड पाण्यात उभं राहून तहानेने पिवळं पडतं. अशा वेळी औषध नको, एक चर खणायला हवा. चर खणायला कोणी वैद्य लागत नाही, ही त्यातली गैरसोय.

रोग आणि उपासमार यांतली ही गफलत मोठमोठ्यांची झालेली आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत १९६०च्या दशकात भातावर एक विकार आला. पानं पिवळट पडायची, मग त्यांवर कातासारखे तांबूस डाग यायचे आणि रोप खुरटायचं. लोकांनी त्याला 'खैरा' नाव दिलं. पंतनगरच्या विद्यापीठातले यशवंत लक्ष्मण नेने हे वनस्पतींच्या रोगांचे अभ्यासक. ज्याचा व्यवसायच जंतू शोधण्याचा त्याने जंतू सापडला म्हणून सांगितलं असतं तर कोणाला नवल वाटलं नसतं. नेने यांनी दाखवून दिलं की यात जंतू नाही, जमिनीत जस्त कमी आहे; झिंक सल्फेट द्या. १९६६ साली ते प्रसिद्ध झालं आणि भाताला जस्त देण्याची रीत पडली. पुढे याच नेन्यांनी उभारलेल्या संस्थेने सुरपालाच्या 'वृक्षायुर्वेद' या झाडांच्या वैद्यकावरच्या जुन्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर छापलं. काकांना हा माणूस एका बाजूने फार आवडतो आणि दुसऱ्या बाजूने पटत नाही. एवढा मोठा रोगतज्ज्ञ आणि रोगच नाही म्हणतो!

कारण काकांकडे "रोग नाही" हे निदानच नाही. त्याचा कळस दुरांताच्या वेळी झाला. मुंबईच्या एका गृहस्थांनी इथे सुट्टीचा बंगला बांधला आणि कुंपणाला नर्सरीतून सोनेरी दुरांता आणून लावला. त्या जातीची पानं पिवळी असतात म्हणूनच तो सोनेरी, आणि तेवढ्यासाठीच त्याला साध्या हिरव्या दुरांतापेक्षा चार पैसे जास्त पडतात. काकांना एका पानाऐवजी सबंध भिंतभर कावीळ दिसली. आयुष्यात एवढी मोठी साथ त्यांच्या वाट्याला आली नव्हती. त्यांनी पानं उलटून पाहिली, पाठही पिवळी. त्यांनी ताक घातलं, राख घातली, निंबोळी अर्क फवारला, गोमूत्र घातलं. बंगल्याचा वॉचमन सुरुवातीला अडवत होता, मग त्याला वाटलं की मालकांनीच यांना नेमलं असावं.

आणि मग कुंपणाचं एक टोक हिरवं झालं. शेजारच्या आंब्याची फांदी पुढे आली होती आणि तिच्या सावलीत दुरांताचा सोनेरीपणा गेला होता. ही जात उन्हातच पिवळी राहते. काकांनी अर्धं गाव आणून ते टोक दाखवलं. पानं उलटून दाखवली. पाठीलाही हिरवाई. मालक आले तेव्हा त्यांनी माळ्याला फैलावर घेतलं की कुंपण हिरवं पडलंय, याला काही रोग लागलाय का बघ. ते बोलणं काकांच्या कानावर पडू नये म्हणून वॉचमन त्यांना चहा प्यायला घेऊन गेला.

याच काळात त्यांच्या तोंडी चिंतामणराव देशमुखांचं नाव येऊ लागलं. सी. डीं.चं बालपण रोह्यातलं, वाडवडिलांचं घर तिथलं. केंब्रिजला असताना त्यांनी वनस्पतिशास्त्राचं फ्रँक स्मार्ट पारितोषिक मिळवलं होतं, हे खरं आहे. पुढे ते आय.सी.एस. झाले, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, मग देशाचे अर्थमंत्री. काकांच्या मते ही वाया गेलेली कारकीर्द. "झाडांत राहिले असते तर आज निडीला एवढा त्रास नसता," असं ते गंभीरपणे म्हणतात. देशमुखांच्या सहीची एक जुनी नोट त्यांनी जपून ठेवली आहे. फक्त सही नोटेच्या पुढच्या बाजूला असते, हे त्यांना मनापासून खटकतं.

इथपर्यंत काका म्हणजे एक वैताग, आणि तो तसाच ठेवता आला असता. पण भेंडीची गोष्ट मधे येते.

रेल्वेच्या पलीकडे एक आजी परसात भेंडी लावतात. एका वर्षी काकांनी त्यांच्या ओळीतलं एकच रोप बघितलं आणि त्या दिवशी त्यांनी हाकही मारली नाही. त्या पानाच्या शिराच पिवळ्या होत्या, मधला भाग हिरवा. अनंताच्या अगदी उलट. मागे पांढरी माशी होती. "आजी, हे रोप आत्ता उपटा आणि जाळा," काका म्हणाले. आजी म्हणाल्या, "फुलावर आलेलं झाड कसं उपटू रे बाबा?" काकांनी दोनदा सांगितलं. गावाने नेहमीप्रमाणे हसून घेतलं.

हा भेंडीवरचा केवडा. विषाणूचा रोग, माशी एका रोपावरून दुसऱ्यावर नेते, आणि लागण झालेल्या रोपाला औषध नाही. याची पहिली नोंद आपल्याच मुलखातली, १९२४ साली कुलकर्णी या संशोधकांनी मुंबई इलाख्यातून केलेली. आजींची ओळ एका टोकापासून पिवळी होत गेली. भेंड्या आल्या त्याही पिवळट आणि कडक. काका रोज संध्याकाळी कुंपणाशी येऊन उभे राहायचे. आत जायचे नाहीत, पान तोडायचे नाहीत, "मी सांगितलं होतं" असंही म्हणायचे नाहीत. पुढच्या हंगामात त्यांनी केवड्याला दाद न देणाऱ्या जातीचं बी आणून आजींच्या ओट्यावर ठेवलं आणि पाकीट उलटं करून मुदतीची तारीख दाखवली.

हल्ली पोरांच्या फोनवर अ‍ॅप आहे. पानाचा फोटो काढला की ते रोगाचं नाव सांगतं, वर औषधाच्या बाटलीचं चित्रही दाखवतं. काकांचा त्याच्यावर एकच आक्षेप आहे: फोटो पुढून काढतात. खरा फरक काकांनाही सांगता आलेला नाही. अ‍ॅप पुन्हा येत नाही. काका "आठ दिवसांनी येतो" म्हणतात आणि आठव्या दिवशी चार वाजता हजर होतात. झाडाचं निदान एका नजरेत होत नाही. नवं पान कसं येतंय ते पाहावंच लागतं. मुलं पुण्या-मुंबईला गेलेल्या घरांत आठ दिवसांनी परत येणारं माणूस म्हणजे काका. त्या आजी आता कड्या लावत नाहीत. तगरीचं एखादं पिवळं पान दिसलं तरी झाडत नाहीत, काकांसाठी राखून ठेवतात.

वहिनींनी एकदा त्यांना समजावलं होतं, की काका, खालचं एखाद-दुसरं पान पिवळं होणारच. सदाहरित झाडाचं पानही कायमचं नसतं. गळण्याआधी झाड त्यातलं कामाचं सगळं काढून घेतं, म्हणून ते पिवळं दिसतं. त्याचं वय झालं, बाकी काही नाही. काकांनी पान हातात घेतलं आणि बराच वेळ उलटलं नाही. मग म्हणाले, "वय झालं हे काय निदान आहे? रोग म्हणा. रोगावर औषध असतं." आणि पान शर्टाच्या खिशात टाकून निघून गेले.

बंद बंगल्यांचं प्रकरण अलीकडचं. सुट्टीचे बंगले एप्रिल-मे कोरडे काढतात. मालक पावसाची मजा बघायला जुलैत येतात, माळी पगार मिळाला तर येतो. त्या दोन महिन्यांत मोगरा, जास्वंद, एक्झोरा सगळे पिवळे पडतात, आणि या पिवळेपणाला बोट खुपसून बघायचीही गरज नसते. काका शेजारून पाइप ओढून कुंपणावरून पाणी मारतात. कोणी विचारलं तर म्हणतात, "पेशंट मेला तर तपासायचं काय?"

दुरांताच्या मालकांना एकदा अवेळी यायची बुद्धी झाली. एक अनोळखी म्हातारा आपल्या बागेत झाडाला हात घालून उभा आहे, एवढंच त्यांनी पाहिलं आणि पूजेची फुलं चोरणाऱ्यांतला एक असं समजले. पुढच्या आठवड्यात फाटकाशी खांबावर प्लायवूडची पाटी लागली: 'फुले तोडू नयेत. आदेशावरून.' काकांना अपमान झोंबला तो भलत्याच कारणाने. त्यांनी आजवर कोणाचं फूल तोडलेलं नाही. ते फक्त पानं तोडतात.

त्यांनी पाटी वाचली. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला, पाटीचा खालचा खिळा सैल होता तो काढला आणि पाटी उलटी केली. मागे मातीच्या बारीक नळ्या वरपर्यंत गेलेल्या होत्या. वाळवी. खांबातून चढलेली.

"अरे, आतल्या चौकटी बघून घ्या लवकर," ते वॉचमनवर ओरडले. वॉचमनने आत जाऊन पाहिलं. पायरीजवळच्या दाराची चौकट अर्धी पोकळ झाली होती. त्याने मुंबईला फोन लावला. मालकांनी विचारलं, हे कोणी शोधून काढलं?

"पानांचे डॉक्टर आहेत इथले," वॉचमन म्हणाला. "हल्ली पाट्यासुद्धा बघतात."